दारावरच्या स्टानाचा निकाल

तीर्थस्वरूप लाचेझारदादास पेन्काचा वाकून नमस्कार.

प्रकृती कशी आहे? (विचारायचं म्हणून विचारते, तुला कधी शिंकही येत नाही.) वहिनीच्या गुडघ्यांचीही चौकशी केली आहे म्हणून सांग. इकडे सगळं ठीक. धुकं आठवडाभर गावातून हललेलं नाही, आणि दवाखान्यात मेलेली माणसं तपासून घ्यायला यायला लागली आहेत.

झालं असं, की आमचे नवे डॉक्टर ह्रिस्तोझोव (प्लोव्दिवचे, पोरगेले, पण मनाने चांगले) यांनी वयात आलेल्या मुलामुलींची गुप्तरोगांसाठी तपासणी सुरू केली. बाटलीत लघवी द्यायची, खरं नाव सांगायची सक्ती नाही. जे सांगाल त्या नावाने निकाल. आता दवाखान्याचं पुढचं दार म्हणजे तू छापतोस त्या, मेलेल्यांचं नाव-फोटो असलेल्या श्रद्धांजलीच्या पत्रकांनी भरलेलं. चाळीस दिवस झाले, वर्ष झालं, दहा वर्षं झाली, की घरचे नवं पत्रक लावतात आणि जुनं काढायचा धीर कुणाला होत नाही. पोरांनी आत शिरता शिरता समोर दिसेल ते नाव उचललं.

डॉक्टरांना बिचाऱ्यांना काय माहीत! सोमवारी रक्तदाब मोजायला आलेल्या म्हाताऱ्यांनी खोली भरलेली, आणि यांनी निकाल द्यायला हाक मारली, "स्टाना काराइव्हानोव्हा!" एकीच्या हातून काठी पडली, बाकीच्या ओरडत छातीवर क्रूस काढायला लागल्या. शांत होती ती फक्त टोटाआजी. (स्टाना तिची थोरली बहीण. सतराव्या वर्षी विहिरीत सापडली. आजी दरवर्षी तिचं पत्रक लावते, तुला तर मजकूर पाठ असेल.) "येऊ दे रे तिला," आजी डॉक्टरांना म्हणाली. "पोटात कळा यायच्या पोरीच्या. काय होतंय म्हणून एकानंही विचारलं नाही. कुणाबरोबर गेली होतीस, एवढंच विचारत राहिले."

दादा, मी भित्री नाही, पण बाटलीवर ते नाव मीच लिहिलं होतं. इथल्या एकूण एक पोराला मी लस टोचली आहे, आणि बाटली द्यायला आलेली ही मुलगी मला ओळखू आली नाही. डोक्याला रुमाल, डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली सैल वेणी, पत्रकावरच्या फोटोत आहे तशीच. (पावलं बघून घेतली. सुलटी होती.) बाकी सगळ्या मेलेल्यांची प्रकृती उत्तम निघाली, निकाल वाईट आला तो एकट्या स्टानाचा. आठवड्याच्या गोळ्यांनी जाईल असा संसर्ग, पण तसाच राहिला तर पुढे मूल व्हायची मारामार. आणि सोमवारची ती बोंबाबोंब तिने दाराबाहेरून ऐकली असणार, त्यानंतर ती फिरकलीच नाही. ना पत्ता, ना फोन. माझा जीव टांगणीला लागला आहे. पोरीचं वाटोळं व्हायला नको.

मुलांना आशीर्वाद.

तुझी,
पेन्का

ता. क. खरं काम राहिलंच. एक पत्रक छापून दे. तीच काळी चौकट, तोच फोटो, मजकूर असा: "स्टाना, निकाल आला आहे. पूर्ण बरं होतं. मागचं दार उघडं आहे. कुणी ओरडणार नाही." टोटाआजीला विचारलं आहे.

ता. क. छापू नकोस. पाकीट चिकटवतच होते, तर मागचं दार वाजलं. धुक्यात तीच उभी. डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारून गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं, जोडीदारालाही पाठव म्हणाले. जाताना मला विचारते, "दुखायचं थांबेल?" म्हटलं, थांबेल. "कुणाला सांगाल?" म्हटलं, कुणाचं नाव सांगू, बाई? तेव्हा हसली. टोटाआजी खिडकीपाशी बसली होती. "वेणी अजून सैलच घालते," म्हणाली आणि खूप रडली. यंदा पत्रक लावायचं नाही म्हणते.

ता. क. तासाभरात तो मुलगाही आला, तिच्याच वयाचा, कान लालबुंद. नाव विचारलं तर दाराकडे वळून वाचून दाखवलं, "लाचेझार बोदुरोव्ह." पत्रकांच्या तळाशी छापखान्याचं म्हणून तुझं नाव असतं, तेच असणार. असणारच. पण दादा, वर प्रकृतीचं विचारायचं म्हणून विचारलं होतं, आता खरंच विचारते. उलट टपाली कळव, आणि स्वतःच्या हाताने लिही.