दौलतला माणूस करायचं आहे

५ ऑक्टोबर
दौलत जमत नाही. दुसरा अंक पुन्हा फाडला. गजूभाऊ, आमचे डायरेक्टर, देवरीहून फटफटीवर आले, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "बाई, हा खलनायक नाही, बुजगावणं हाय. बहिणीले घराबाहेर काढते, ठीक. पण काऊन काढते?"
मी म्हटलं, दुष्ट आहे म्हणून.
"मंग दुष्ट माणसाले भाजीत मीठ कमी पडलं तं समजत नाही का?"
आता याचा अर्थ काय घ्यायचा? मागच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेला, हेच गजूभाऊ सांगत होते, खलनायक आला की गडगडाटी हसला पाहिजे, मिशीवर हात पाहिजे. यंदा मीठ पाहिजे! डोकं पार आऊट. तिकडे दिवाळीचे ब्लाउज शिवायचे पडून आहेत, बायका दारात येऊन बोलून जातात.

८ ऑक्टो.
इथं तरी खरं लिहिते. दौलत म्हणजे दादा. माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्या धाकट्या मीनानं जातीबाहेर लग्न केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं अंगणात येऊन उभी राहिली, आणि दादानं दार लावलं. मी आत चुलीपाशी होती. तेव्हापासून मीना या घरी नाही. राहते इथं मुर्रीला, गोंदियाच्या अंगाला. अस्तर-धागा आणायला जाते तेव्हा मी तिला चोरून भेटते. मंडईला साऱ्या गावच्या लेकी माहेरी येतात, नाटक पाहतात. आमचीच येत नाही.
म्हणून हे नाटक. दादा समोर बसेल, दौलतला पाहील, त्याला लाज वाटेल, तो मीनाला बोलावेल. बेत एवढाच.
पण लग्न न झालेली मी त्याच्याच घरी राहते, त्याच्याच शेतातलं खाते, आणि त्यालाच खलनायक करते. बरं आहे का हे? समजत नाही.

११ ऑक्टो.
आज दिवसभर दादाकडे पाहत बसली. मिठासाठी. पहिला घास बाजूला काढून ठेवतो. बैलाच्या मानेला तेल चोळताना त्याच्याशी बोलतो. वहिनीचं डोकं दुखत होतं तर यानं भांडी घासली, तीही मागच्या दारी, कोणी पाहू नये म्हणून. सगळं उचलून दौलतमध्ये टाकलं. गजूभाऊ फोनवर ओरडले, "आता माणूस दिसून राहिला!"
मला तर रागच आला. माणूस दिसला तर लोक शिव्या कोणाला देतील?

१६ ऑक्टो.
अरे देवा. दरसाल खलनायक करणारे सुरेशभाऊ यंदा नाही म्हणतात. मागल्या नाटकानंतर भाजीवालीनं त्यांना वांगी दिली नव्हती म्हणे, "सुनेले छळते मेला" म्हणून. बायकोनं शपथ घातली. नाटक मंडळाच्या लोकांनी बसून ठरवलं, दादाचा आवाज खणखणीत, दादालाच घ्या.
आणि दादा हो म्हणाला! आयुष्यात कधी स्टेजवर चढला नाही तो माणूस.
नुसता पाहणार होता, आता बोलणार. माझा बेत गेला का साधला, मलाच कळेना.

१९ ऑक्टो.
पहिली तालीम, शाळेच्या व्हरांड्यात. लेडीज पात्रं वडशाच्या नाटक कंपनीतून नाटकाच्या दिवशीच येतात, म्हणून बहिणीचे डायलॉग मी वाचते. प्रॉम्प्टरही मीच, माझं अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही.
म्हणजे मीनाचं बोलणं मी दादाला बोलून राहिली होती. "दादा, एकदा तरी माझ्याकडे पाह." दादानं सपाट वाचलं. दार लावायची जागा आली, तिथं थांबला.
"इथं एक ओळ कमी हाय."
"कोणती?"
"हा दार लावते, पण कडी नाही लावत. तिथंच उभा राहते. ती एकदा हाक मारंल म्हणून. हे लिही."
गजूभाऊंनी टाळी वाजवली. "बस! हाच तो दौलत!" सगळे हसत होते. मी लिहून घेतलं. लाज वाटली.

२० ऑक्टो.
कडी लावली होती का? आठवत नाही. दार आपटल्याचं आठवते, पुढचं नाही. वहिनीला विचारलं. "मले काय माहीत व? मी पोराले पाजून राहिली होती." दादाला विचारलं. म्हणतो, "नाटकातलं हाय ना ते."
नाटकातलं म्हणजे? माझं नाटक, मला माहीत नाही?
खरं असेल तर तो आत उभा, ती बाहेर उभी, आणि सगळं एका हाकेवर अडलं. खोटं असेल तर मी त्याला अख्ख्या गावासमोर, माईकवर, सुटायची वाट करून दिली. ओळ काढली तर दौलत पुन्हा बुजगावणं होते. ठेवली तर सगळ्या बाया त्याच्यासाठीच रडतील, मीनासाठी कोण?

२३ ऑक्टो. भाऊबीज.
मी एकटीनं ओवाळलं. ताटात त्यानं साडी ठेवली. एकच. दरसाल एकच असते, मी यंदाच का पाहून राहिली?

२६ ऑक्टो.
गोंदिया. मीनाला म्हटलं, नाटकाला ये. ती आता अर्धं हिंदीच बोलते. "दादा क्या बना है?"
"खलनायक."
हसता हसता डोळे पुसले तिनं. "तब तो आऊंगी, ताई. गालियां खाते देखना है मुझे."
ओळीचं सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. काय सांगू, कोणाची म्हणून सांगू?

१ नोव्हेंबर
कापणी आणि तालीम दोन्ही सुरू. दादा थकून येतो, तरी ती जागा रोज करतो. रोज वेगळी करतो. काल हळू म्हणाला, आज रागानं. गजूभाऊ खूश, म्हणतात खलनायक कसा पाहिजे तर असा, अंदाज न येणारा. मला अंदाज पाहिजे हो!

२ नोव्हें.
आज मंडई. मीना आली. एकटीच. आमच्या घरी नाही, गावातल्याच मैत्रिणीकडे, कुसुमकडे उतरली. दादाला मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि गोठ्यात गेला.

३ नोव्हें.
रात्री नाटक झालं. पहिल्या अंकापासून बायांच्या बाजूनं शिव्या. एका म्हातारीनं तर दादावर कडाकडा बोटं मोडली. मीना पुढेच बसली होती, सतरंजीवर. वडशाची नटी पाय धरून रडली, दादानं दार लावलं.
मग ती ओळ.
मी विंगेतून ओळ दिली. नाही घेतली. पुन्हा दिली, जरा मोठ्यानं. अनाउन्समेंटचा माईक तोंडासमोर सुरूच होता. माझाच आवाज मंडपभर गेला: कडी नाही लावली, ती एकदा हाक मारंल म्हणून. दादा पाठमोरा उभा. गजूभाऊंनी पडदा पाडला.
मेकअप पुसताना विचारलं, काऊन नाही घेतली ओळ?
"समोर बसली होती ना ती."
एवढंच. समोर होती म्हणून खोटं बोलवेना, का खरं बोलवेना? अजून विचारलं तर उठून गेला.
आता दुपार. कुसुमकडे जाऊन आली. मीनाची पिशवी भरलेली, पण बसून होती. म्हणाली, "ताई, ते तुझं वाक्य होतं का त्याचं?"
मी म्हटलं, मशीनवर काम आहे, येते. आणि इथं येऊन बसली.
माझं म्हटलं तर ती मुर्रीची बस धरेल. त्याचं म्हटलं तर ती या अंगणात येईल, हाक मारेल. दादा आत आहे, जेवून पडला आहे. झोप लागली नाही, कूस बदलल्याचा आवाज येतो. त्यानं ओ दिली नाही तर?
कुसुमची पोरगी आली बोलवायला. "मीनामावशी म्हणते, सांगतेस, का मी जाऊ?"