सुरेखाचं शांत हसू

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या रुग्णालयातल्या नैराश्याच्या संशोधनातली चौक गावची सुरेखा आज तपासणीला आली नाही. फोनही बंद. मागच्या भेटीत निघताना ती फारच शांत हसली होती. का हसली असेल तशी? संशोधनाचे प्रमुख सर म्हणाले, "नियम मोडून घरी गेलीस तर तिला संशोधनातून वगळावं लागेल." तरी गेले. रिक्षात डोळ्यांपुढे तेच हसू; मनाशी काही ठरवून टाकलेली माणसं अशीच अचानक शांत होतात.

दार तिच्या सासूने उघडलं. सुरेखा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

ती हळूच माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "वाटतो. कुनी इचारलंच नाय, मॅडम."

सासू रडायलाच लागली. "मला सांगायचं ना गं!"

दोघींना रुग्णालयात आणलं, सुरेखाला दाखल केलं. सासू तिचा हात धरून बसली आहे. मी घरी आले खरी, पण अजून चप्पलही काढलेली नाही.