एकाच वर्षाची दोन नावं

२१ फेब्रुवारी, रेइवा ६

चि. मिनोरी हिस,
अनेक आशीर्वाद.

थंडी अजून हटायला तयार नाही, पण टेकडीवरची उमेची झाडं कुणाला न विचारता फुलून बसली आहेत. निइगाताला तुमच्याकडे गुडघाभर बर्फ असेल. दातांच्या दवाखान्यात दिवसभर उभी असतेस, मोजे दोन घालत जा. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही.

नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. त्यावर छापील अक्षरांशिवाय काही नव्हतं, तरी मी ते दोनदा उलटून पाहिलं. दीड वर्ष झालं तुझा आवाज ऐकून. तक्रार करत नाही, तो हक्क मला नाही.

गल्लीतली बातमी द्यायची तर आपली फिरती पाटी गेले नऊ दिवस माझ्याकडे अडकली आहे. तुला आठवतं ना, सूचनांचे कागद लावलेली ती पाटी दारात आली की वाचायची, नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. एकतीस वर्षांत मी ती एक रात्रही ठेवून घेतली नव्हती. काल शेजारची हारुए दारात आली.

"तोशिएसान, पाटी अजून आली नाही हो आमच्याकडे. कचऱ्याचे वार बदललेत म्हणे!"

"मंगळवार आणि शुक्रवार," मी म्हटलं.

"अगं बाई, ते कळलं, पण पाटी कुठंय?"

"माझ्याकडे आहे. मी ती देणार नाही."

मग तिला आत बोलावून चहा दिला आणि पाटीवरचा दुसरा कागद दाखवला. एप्रिलपासून तोकुमारू सरांचा कुंचल्याच्या अक्षरांचा वर्ग पुन्हा सुरू होतोय, आठ ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. हारुएची लेक आकाने आता नऊ वर्षांची आहे. मी तिला एवढंच म्हटलं, "आकानेला तिथे पाठवू नकोस. का ते विचारू नकोस, ते सांगणं माझ्या हातात नाही." तिनं कप खाली ठेवला आणि तो कागद पुन्हा वाचला. जाताना म्हणाली, "पाटी असू द्या तुमच्याकडेच."

"तिथे पाठवू नकोस" हे वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा माझ्या घरातलीच मुलगी तिथे जात होती.

मिनोरी, आता खरं लिहिते. पत्र ठेवून देऊ नकोस.

त्या दिवशी लोणच्यासाठी खारवलेली उमेची फळं वाळत घातली होती, तिसरा दिवस होता. तू वर्गातून लवकर आलीस, चपला न काढता स्वयंपाकघरात उभी राहिलीस आणि सरांनी काय केलं ते सांगितलंस. सगळं सांगितलंस. बाहेर पाऊस आला, टोपल्या भिजत होत्या आणि आपण दोघी हललो नाही. तुझे बाबा जाऊन वर्ष झालं होतं. लोणच्याच्या कारखान्यातलं माझं काम सरांच्या शब्दावर मिळालेलं. चार दिवसांनी त्यांची बायको गोड वड्यांचा डबा घेऊन आली, वाकून वाकून म्हणाली, "काहीतरी गैरसमज झालाय." तिनं डबा का आणला ते मला कळत होतं, आणि तो घेतला तर मी काय कबूल करते तेही. तरी मी दोन्ही हातांनी घेतला. तू जिन्यात उभी होतीस.

मग तू बावीसच्या सप्टेंबरात फोन केलास. (तुम्ही मुलं असंच म्हणता, मला रेइवा चारच बरं वाटतं.) "आई, पोलिसांत तक्रार करायला दहा वर्षांची मुदत असते म्हणे. ते कुठलं वर्ष होतं, मला नीट आठवत नाही गं. नववीत होते की दहावीत, तेही नाही. उमे भिजली होती एवढंच आठवतं. लोणच्याच्या बरण्यांवर तू तारीख लिहितेस, बघ ना."

मी फोन हातात घेऊनच बरणी शोधली. हेइसेइ २५, ३ ऑगस्ट, भिजलेली. माझंच अक्षर. तुमच्या भाषेत २०१३. मग बोटांवर पुढची वर्षं मोजली आणि म्हटलं, "संपली गं मुदत. मागच्याच महिन्यात." तू "बरं" म्हणालीस. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

मी चुकीचं मोजलं होतं. हेइसेइ ३१ हे एक वर्ष धरलं आणि रेइवा १ हे दुसरं. ते वर्ष एकच, तुमचं २०१९. एप्रिलअखेर सम्राट बदलले, मे महिन्यात नाव बदललं, एवढंच. तुझं अजून जवळजवळ अख्खं वर्ष शिल्लक होतं.

चूक झाली हे कबूल करणं सोपं आहे. खरं पाप पुढे आहे. तुझ्या फोननंतरच्या जानेवारीत औषधाच्या दुकानातून कॅलेंडर आलं, त्यामागे वर्षांचा तक्ता होता आणि दोन्ही नावं एकाच चौकटीत छापलेली. मला तिथल्या तिथे समजलं. सात महिने हातात होते. मी कॅलेंडर भिंतीला टांगलं, तक्ता भिंतीकडे, आणि गप्प बसले. वाटलं, तू सावरली असशील, कशाला खपली काढायची. खोटं. मला वाटत होतं की तू पोलिसांत गेलीस तर तो वड्यांचा डबाही निघेल. मला स्वतःची लाज झाकायची होती.

जूनमध्ये उमेची देठं काढत बसले होते तेव्हा रेडिओवर सांगितलं, कायदा बदलला. दहाची मुदत पंधरा झाली, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर ती अठराची होईपर्यंतचा काळ वेगळा मिळवायचा. पण ज्यांची जुनी मुदत संपून गेली, त्यांना काही नाही. तूही ती बातमी ऐकली असशील आणि माझ्या हिशेबाने "आपल्यासाठी नाही" म्हणून बंद केली असशील.

तरीही आठ महिने मी लिहिलं नाही. मग ही पाटी आली.

पाटी आली त्या दिवशी मी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. तिथली मुलगी तुझ्याच वयाची असावी. तिला जन्मतारीख आणि ती तारीख दोनदा सांगितली, दोन्ही पद्धतींनी. म्हटलं, "पोरी, नीट मोज. मी एकदा माती खाल्लीय." ती हसली नाही. मोजून म्हणाली, "काकू, त्यांची मुदत संपलेली नाही. कायदा बदलला तेव्हा जुनी चालूच होती, म्हणून नवी लागू होते. तेहतिसाव्या वाढदिवसापर्यंत वेळ आहे." मी तिला आणखी एकदा मोजायला लावलं. मग फोन ठेवला आणि जिन्यात, तू उभी होतीस तिथे बसून खूप रडले. किती वर्षांनी बरं वाटलं गं.

म्हणजे रेइवा १२ चा, तुमच्या २०३० चा नोव्हेंबर. जवळजवळ सात वर्षं आहेत. जायचं की नाही, कधी जायचं, हे तूच ठरव. नाही गेलीस तरी मी समजेन. गेलीस तर मी बरोबर येईन, गुडघ्यासकट. कारखान्यात सांगून ठेवलंय की मला रजा लागेल. का ते विचारलं, तर म्हटलं घरचं काम आहे, फार दिवस राहिलंय.

सोबत दोन कागद आहेत. त्या दिवशी तू किती वाजता आलीस, काय काय बोललीस, कोण डबा घेऊन आलं आणि मी तो घेतला, सगळं लिहिलंय. स्वतःला वाचवणारं एक वाक्य आलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. बरणीचा फोटो हारुएनं काढून दिला, कशाला ते विचारलंसुद्धा नाही. बरणी मी कुणाला हलवू देत नाही. उमे मात्र एक खाऊन पाहिलं. भिजूनही चांगली राहिलीत.

पाटीवर माझ्या नावापुढची जागा रिकामीच आहे. त्या दोन कागदांवर मात्र, प्रत्येक पानाखाली, मी शिक्का मारलाय.

तुझी आई आणि तुझी साक्षीदार,
तोशिए