शुक्रवारी अडणारा कॉम्प्युटर

४ नोव्हेंबर, मंगळवार

सोपानशेठ आज सगळ्यांसमोर मला हसले. घरी सांगण्याजोगं नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्यांच्या कारखान्याच्या तपासणी खोलीतला जुना कॉम्प्युटर सकाळी पुन्हा अडला. तीनदा टूं-टूं-टूं, आणि स्क्रीन काळा. माझी रीत ठरलेली – प्लग काढायचा, तीसपर्यंत मोजायचं, प्लग लावून डब्याच्या डाव्या अंगाला एक थाप. आज चार थापा झाल्या तरी ढिम्म! पूनम – दोन महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली दिलेली मुलगी – म्हणाली, "मॅडम, उघडून बगू का?" मी नको म्हणायच्या आत शेठ दारात. "बग की!"

तिने स्क्रू काढले, आतली एक पट्टी उपसली, तिची पिवळी कड खोडरबरने घासली, परत बसवली. चालू!

"मॅडम, पंधरा वर्सं थापटतच बसला व्हय?" शेठ म्हणाले. लेथवरचे भिमाजीसुद्धा हसले.

खोडरबरने!

५ नोव्हेंबर, बुधवार

शेठ फोनवर कोणाला तरी सांगत होते, "तपासनीला दोन बाया कशाला? माल घेनाऱ्या चाकणवाल्यांचं ऑडिट झालं की एकच ठेवायची." आवाज कमी करायची तसदीही नाही.

कोणती, ते बोलले नाहीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तिला सगळं येत नाही. हे एक माझ्याकडे आहे.

गुरुवारची सुट्टी म्हणून बुधवारी संध्याकाळी भिमाजी अख्ख्या शेडचा मेन स्विच पाडतात. एरवी संध्याकाळी कॉम्प्युटर नुसता बंद करतो, वीज त्याला मिळतच असते. ती चार-दोन मिनिटं गेली तर भागतं, पण दीड दिवस तुटली की त्याचं घड्याळ मरतं – आतला बटणाएवढा सेल संपत आलाय. शुक्रवारी चालू केला की चूक दाखवून थांबतो, एफ-वन दाबा म्हणतो. दाबलं की चालतो, पण तारीख धरतो १ जानेवारी २०१०! मी ती आधी दुरुस्त करते, मग मालाचे रिपोर्ट छापते. हे दुसऱ्या कोणाला माहीत नाही. सेल मिळतो कोपऱ्यावरच्या दुकानात. आणला नाही. शुक्रवारी टेम्पो उभा असतो, शेठ घड्याळ बघत असतात, आणि माझ्यावाचून कागद निघत नाही.

आज पूनमला आल्या आल्या चहा सांगायला पाठवलं. ती येईतो तारीख लावून झाली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भिमाजी तिला म्हणतात, "पूनमताई, जेवला का?" मला एकोणतीस वर्षांत कोणी विचारलं नाही. मी विचारू दिलं नाही, हेही खरं. बी.एस्सी. फिजिक्स, १९८९. शेडमधली पहिली पदवीधर बाई. हसत बसले असते तर कोणी कागद हाती दिले नसते. ही दिवसभर हसते – आणि कागदही हिलाच!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा चहाला पाठवलं. "शुक्रवारी लई लवकर चहा लागतो मॅडम तुमाला," म्हणाली. मी तिच्यापुढे मोजायचा माल सरकवला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

परवाची रजा मागितली. देहूला मावशींना बघायला जाते म्हटलं. मावशी आजारी आहेत, ते खोटं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सव्वाआठला तिचा फोन आला.

"मॅडम, चालू होताना थांबलाय. एफ-वन दाबा म्हनतोय. दाबू का?"

"दाब."

"झाला चालू! अजून काय करायचं असतं का?"

मावशी अंथरुणातूनच पोह्यांची बशी पुढे करत होत्या.

"काही नाही," मी म्हणाले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चाकणहून माल परत! लेथवर कातलेले दोनशे बुश नवे कोरे, आणि सोबतचे रिपोर्ट २०१० सालचे. "जुने कागद नव्या मालाला चिकटवता का?" असं कंपनीवाल्यांनी शेठना ऐकवलं. ऑडिटही पुढे ढकललं.

शेठ पूनमवर कडाडले. "रबर घासलं म्हंजी इंजिनेर झालीस व्हय? शनवारपत्तुर ये. फुडं यायचं कारन न्हाई!"

ती मान खाली घालून म्हणाली, "तारीख बगितलीच न्हाई मी. माजी चूक हाय."

मला बरं वाटलं. इथे तरी खरं लिहावं – फार बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी खोलीत दोघीच होतो. ती फायली लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, शुक्रवारीच चहाला का धाडत होता, ते आत्ता कळलं."

मी मायक्रोमीटर खाली ठेवला.

"शेठना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? मला चिखलीत, तळवड्यात कुटंबी काम मिळंल. तुमाला ह्या वयात कोन देणार?"

वर हसली! टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. ती मनापासून बोलली. कॉम्प्युटर तिने दुरुस्त करायचा, भिमाजींनी जेवलात का ते तिलाच विचारायचं, आणि आता माझ्यावर दया करायची तीही तिनेच! मोठेपणातही माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही पोरीने.

जेवण गेलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी काही म्हणायच्या आत ती आपण होऊन चहा सांगायला गेली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेठना सगळं सांगितलं, फोनसकट. "मॅडम, तुमी?" एवढंच म्हणाले. एकच ठेवायची आहे ना, मग तिला ठेवा, म्हटलं.

पूनमच्या हाती दिलं – तपासणी खोलीच्या चाव्या दोन, मायक्रोमीटर चार, रिपोर्टच्या फायली एकोणतीस, कॉम्प्युटरचा पासवर्ड. तारीख कशी लावायची ते समोर बसवून दाखवलं. पोच म्हणून वहीत सही घेतली.

अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं आहे!