सिंकखालचा निळा कप

एडिसन, न्यू जर्सी
२ एप्रिल २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वेस्ट विंडसरला सगळे मजेत असाल. मीही आहे. पाडव्याला आले नाही, कारण तू बोलावलं नाहीस. श्रीखंड केलं आणि एकटीनंच मनसोक्त खाल्लं. वेदांतला ड्रायव्हिंगचं लायसन्स मिळाल्याचं सुवर्णावहिनींकडून कळलं. त्याला माझी शाबासकी सांग.

माझी बातमी म्हणजे आमचा महोत्सव. बावीस तारखेला, शनिवारी, ईस्ट ऑरेंजच्या एका चर्चच्या तळघरात आम्ही पहिला हैती चित्रपट महोत्सव भरवतोय. खुर्च्या घडीच्या, पडदा उसना, प्रोजेक्टर माझ्या ऑफिसमधून मागून आणलेला. सिनेमे मात्र आमचे. ब्रुकलिनच्या एका टॅक्सीवाल्यानं काढलेला विनोदी सिनेमा आहे, बॉस्टनच्या एका मुलीनं आपल्या शिंपीण आजीवर केलेला आहे. 'आमचे' हा शब्द तुला खटकेल. खटकू दे.

फोनवर तू विचारलंस, "हैती कुठे, आपण कुठे? तुला हे नसते उद्योग सांगितले कुणी?" उत्तर आता देते. कुणीही सांगितले नाहीत. मिर्लांदनं तिची फिल्म बऱ्याच महोत्सवांना पाठवली होती आणि सगळीकडून नकार आला. एक बाई तर तोंडावर म्हणाल्या, "छान आहे, पण यात हैती कुठे दिसते?" त्यांना वादळ हवं होतं, बंदुका हव्या होत्या, उपाशी पोरं हवी होती. न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात दोन बाया हसतायत, हे त्यांच्या हैतीत बसेना. परत येताना मिर्लांद गाडीत म्हणाली, "नीलू, लेट्स मेक अवर ओन." मी म्हटलं, करू या.

मिर्लांद कोण हे तुला सांगायला नको. शेवटचं वर्षभर तुझ्या घरी येऊन आईला न्हाऊमाखू घालणारी, आणि संध्याकाळच्या वर्गात सिनेमा शिकणारी. तुमच्या घरात तिचं नाव 'ती बाई' होतं.

इतकं लिहिलं तरी मुद्द्याचं टाळतेच आहे. तर ऐक. तू म्हणालास, मिर्लांदची ती फिल्म महोत्सवातून काढून टाक, नाहीतर आपलं नातं संपलं. मी काढून टाकणार नाही.

तू ती पाहिलेली नाहीस, मराठी मंडळातल्या कुणाकडून तरी ऐकलंयस. मी तिथे होते, म्हणून सांगते. तुमच्या सिंकखाली, साबणाच्या डब्याशेजारी एक निळा कप असायचा. चहा प्यायचा तर मिर्लांदनं त्यातच, दुसऱ्या कपाला हात लावायचा नाही. आपल्याकडे कामवालीसाठी असतो तसाच. सातासमुद्रापार येताना आपण तोही बरोबर आणला. गेल्या वर्षी एक जानेवारीला तुम्ही सगळे बाहेर गेला होतात. तिच्या देशाचा, हैतीचा, तो स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी ते लोक घरोघरी लाल भोपळ्याचं सूप करतात. गुलामीत ते शिजवायचं गुलामांनी आणि प्यायचं मालकांनी, चाखायचीसुद्धा बंदी, म्हणून. आईसाठी तिनं मुद्दाम मांस न घालता करून आणलं होतं. ती सांगत होती आणि मी आईला मराठीत सांगत होते. कॅमेरा फ्रिजवर होता. आईला त्याची सवय झाली होती, केस नीट आहेत ना एवढंच विचारायची.

ऐकून झाल्यावर आई वॉकर धरून उठली. वाकवत नव्हतं तरी वाकली, निळा कप काढला, विसळला आणि पुढे केला.

"यात दे."

मिर्लांद गडबडली. "नो नो, मामा, दॅट्स माइन."

आई म्हणाली, "म्हणूनच."

मग कॅमेऱ्याकडे बघून तुझ्याविषयी म्हणाली, "मोरूला सांगू नका, रागावेल." एक घोट घेतला. "नाही, सांगाच."

हे मी तुला सव्वा वर्ष सांगितलं नाही. मध्ये आई गेली, दिवस झाले, तू खचलेला दिसलास. आता मात्र आईच सांगेल. आईची अब्रू जाईल असं तू म्हणतोस. आईची जात नाही, दादा. जाते कुणाची, ते तुलाही ठाऊक आहे. वकिलाची नोटीस पाठवायची तर खुशाल पाठव.

तुझा राग येतो. तुझी आठवणही तितकीच येते. आईमागे मला तूच आहेस, हे लिहिताना रडू आलं, पण म्हणून आईला पडद्यावरून उतरवणार नाही.

बावीसला दुपारी चार वाजता, पहिली फिल्म तीच. नंतर सगळ्यांना सूप आहे. मिर्लांद एक भांडं बिनमांसाचं करणार आहे, तुझ्यासाठी, मी न सांगता. मी दारातच उभी असेन. आलास तर आत ये, हवं तिथे बस.

तुझा कप वेगळा ठेवणार नाही.

आईची, आणि तू म्हणशील तर तुझीही,
नीलांबरी