पाठीवरचं मलम

३ मार्च, सोमवार

मलम आलं. एवढीशी ट्यूब! डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं — औषध बारीक कणांत भरलेलं आहे, केसाच्या जाडीत असे शेकड्यांनी मावतील. ते कातडीतून हळूहळू रक्तात उतरतात. मग हिच्या हातांची थरथर कमी व्हायला हवी. गिळायला काही नको, हे मोठं काम झालं. गेल्या महिन्यात गोळी घशात अडकून ही निळी पडली होती, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

रोज सकाळी पाठीवर दहा मिनिटं चोळायचं. रबरी हातमोजे घालूनच — हे बाईंनी दोनदा बजावलं.

४ मार्च, मंगळवार

हातमोजे घालून चोळलं. ही म्हणाली, "अहो, परका माणूस हात लावतोय असं वाटतंय." मलाही काही कळेना. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, कापड सुती की मिश्र ते नुसतं बोट लावून सांगत आलो. रबरातून मलम मुरलं की नाही ते काय डोंबल कळणार?

काढून टाकले.

९ मार्च, रविवार

मुरतंय! शेवटी बोटांना काहीच लागत नाही. साबणाने हात स्वच्छ धुतो, आपल्या परीने काळजी घेतो.

१४ मार्च, शुक्रवार

आज हिने चहा अर्धाच सांडला. आधी अख्खा कप सांडायची. म्हटलं, प्रगती आहे. ती म्हणाली, "हसा, हसा. उद्या तुमच्याच अंगावर सांडते."

उठताना मला जरा भोवळ आली. ऊन असेल.

१७ मार्च, सोमवार

पुन्हा भोवळ. मळमळही. एका पँटची घडी उसवून द्यायची होती, तर मशीनवरच डुलकी लागली. असं कधी झालं नव्हतं. हिला बोललो नाही.

२० मार्च, गुरुवार

न्हाणीघरात पडलो. नळ हाताला लागला म्हणून डोकं वाचलं. आवाज ऐकून हिने विचारलं. बादली निसटली म्हणून सांगितलं.

भीती वाटते. मरणाची तितकीशी नाही, पण मला काही झालं तर हिचं कोण करणार? मलम पाठीवर लावायचं असतं, तिथे तिचा हात पोचत नाही. डॉक्टरकडे जायचा धीर होत नाही. काही निघालं तर? नाव काढलं नाही तर निदान ही निवांत झोपते.

२४ मार्च, सोमवार

नर्सचा फोन. उद्या हिच्या तपासणीला जायचंय, तर माझंही रक्त घेणार म्हणे. मलम लावणाऱ्याचंही घ्यायचं, नवा नियम आहे. नियम म्हटल्यावर मी काय बोलणार? एका परीने बरंच झालं.

२८ मार्च, शुक्रवार

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. हिच्या रक्तात औषध हवं त्याच्या निम्मंच. मग माझा कागद वर घेतला.

"काका, तुमचे हात थरथरतात का?"

"नाही."

"मग हे औषध तुमच्या रक्तात कसं?"

मी हात टेबलाखाली घेतले. बाई आधी रागावल्या, मग त्यांनाच हसू आलं. म्हणाल्या, कणांना कातडी कोणाची ते कळत नाही हो. भोवळ, मळमळ, झोप, सगळं त्या औषधाचं. हृदय ठीक, डोकं ठीक. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! मी पंधरा दिवस मनातल्या मनात स्वतःला पोचवून आलो होतो.

बाहेर बाकावर बसून रडलो. ही पाठीवर हात फिरवत होती. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

हातमोजे घातले. परका माणूस म्हणून मीच ओळख करून दिली. ही पाठ करून बसली.

५ एप्रिल, शनिवार

भोवळ गेली. भूक परत आली, दोनदा वाढून घेतलं. हिने दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायला. एक थेंब सांडला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

नवी ट्यूब आणायला गेलो. नर्सला म्हटलं, तुमच्या त्या नियमाने वाचवलं मला. ती म्हणाली, "कसला नियम, काका? काकूंचा फोन आला होता, तुम्ही दुपारी झोपलेले असताना. म्हणाल्या, हे पडतात आणि मला सांगत नाहीत."

सहा महिने हिला फोनची बटणं दाबता येत नव्हती. घरी येऊन विचारलं, नंबर लावलास कसा?

"चार वेळा चुकला. पाचव्यांदा लागला."