माझ्या गुडघ्याचं कारण

डोंबिवली

प्रिय विनिता,

नाही गं, चिडलेली नाही मी. चिडते मी दूध उतू गेल्यावर. आत्ता संतापलेय. आणि फोनवर तू "आई, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस, म्हणून नौपाड्याला तुझ्या माहेरी हे पत्र धाडतेय. हे काय कट करता येत नाही.

इंग्लंडातल्या प्रोफेसरांनी दोन वर्षांसाठी बोलावलं, आणि तू काय कळवायचं ठरवलंस? सासूचा गुडघा दुखतो, येता येणार नाही! एवढ्या मोठ्या शास्त्रात माझा गुडघा घुसवायला तुला सांगितलं कोणी? बाथरूममध्ये घसरले मी, आणि विश्वाचं कोडं अडलं होय?

मी गावच्या शाळेतली सातवी पास. पण रोज संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळताना तू जे सांगितलंस ते सगळं डोक्यात आहे. ट्विस्टर म्हणून एक वेगळीच जागा. आपल्याकडचा ठिपका तिथे आख्खी रेघ होतो, आणि आपल्याकडचा उजेडाचा किरण तिथे नुसता ठिपका. सगळं जग ज्यांचं बनलंय म्हणतेस, त्या तुझ्या बारीक तारा त्या जागेत थरथरतात. मी म्हटलं, इतकी वर्षं तारा धरून बसलीयस, कपडे वाळत घालायला एखादी दे की! हसता हसता तेलाची वाटी कलंडवलीस. मग म्हणालीस, त्या गणितात नको तसलं गुरुत्वाकर्षण आपोआप आत शिरतं, ते बाहेर कसं काढायचं हेच तुझं काम. मला माजिवड्याच्या नीलावन्संच आठवल्या. त्यांनाही कोणी बोलावत नाही.

त्याच परवा आल्या आणि विचारतात, विनिता गेली तर ऋतुराजच्या डब्याचं काय? बिनसाखरेचा चहा दिला मी त्यांना.

सिमेट्री तूच शिकवलीस ना? जागा अदलाबदल केल्या तरी उत्तर तेच आलं, तर ती सिमेट्री. मग मी आपलं घर फिरवून बघितलं. ऋतुराजच्या जागी तू, तुझ्या जागी तो. तो जर्मनीला गेला तेव्हा मी तापाने फणफणलेली. त्याला कोणी विचारलं का, आईला पेज कोण देणार? वन्संनी उलट हार घातला. पेज तू दिलीस, एका हाताने थीसिस लिहीत. मोडली की गं तुझी सिमेट्री! एवढं शिकून घरातलं चुकलेलं उत्तर दिसेना तुला?

ऋतुराजलाही हेच सुनावलं. हल्ली कुकर तोच लावतो. भाताचा गोळा होतो, पण मुकाट खातो.

सोमवारपर्यंत मुदत आहे म्हणालीस. हे पत्र वाचल्या वाचल्या "येते" म्हणून कळव.

आता ऐक, आणि ओरडू नकोस. माझा गुडघा केव्हाच बरा झालाय. तू कॉलेजला गेलीस की मी जिने उतरून फडके रोडवर जाते, वडा खाते. तुझी चावी कुलपात फिरली की काठी हातात घेते. बरी झाले म्हटलं असतं, तर तेलाची वाटी घेऊन तू बसली नसतीस. तुझे सासरे गेल्यापासून माझ्याशी एवढा वेळ दुसरं कोणी बोललेलंच नाही.

तुझीच,
ठणठणीत सासू
रतन